दानपेटी आणि सातबारा : पालघर परिसरातील ख्रिस्ती दानधर्म व समाजवाद

ख्रिस्ती धर्मातील दानाची शिकवण आणि समाजवाद यांचा मेळ बसतो की नाही, या प्रश्नावर युरोपात दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद झाला. पण तो बहुतांशी धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि पक्षांचे पुढारी यांच्यातला वाद होता. उत्तर कोकणाच्या किनारपट्टीत मात्र हाच प्रश्न जमिनीच्या मालकीशी, मजुरीच्या दराशी आणि पावसाळ्यात घरात दाणा आहे की नाही याच्याशी जोडलेला राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिणेला वसई आहे, जिथे सोळाव्या शतकापासून मराठीच्या बोली बोलणारा कॅथलिक समाज नांदतो. मधल्या पट्ट्यात पालघर, बोईसर आणि तारापूर आहे, जिथे पोर्तुगीज अमदानीतला किल्ला, अणुऊर्जा केंद्र आणि औद्योगिक वसाहत एकमेकांपासून फार दूर नाहीत. आणि उत्तरेला डहाणू व तलासरी हे वारली आदिवासींचे तालुके आहेत. मठांचा दानधर्म, धर्मगुरूने काढलेली पतसंस्था, साम्यवाद्यांची किसान सभा आणि धर्मगुरूंच्याच पुढाकाराने उभी राहिलेली आदिवासींची लढाऊ संघटना असे चार प्रयोग या एका जिल्ह्यात झाले. समाजवाद म्हणजे जमीन, जंगल, कारखाना यांसारख्या उत्पादनाच्या साधनांवर मूठभरांच्या खासगी मालकीऐवजी समाजाची मालकी किंवा निदान समाजाचे नियंत्रण असावे हा विचार, अशी साधी व्याख्या धरली, तर त्याचे आणि ख्रिस्ती दानाचे नाते काय, हे या चार प्रयोगांवरून पुष्कळसे तपासता येते.

नव्या करारात दानाविषयी दोन प्रकारची शिकवण आहे आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या दोहोंमधल्या अंतरात आहे. पहिली शिकवण डोंगरावरील प्रवचनातली: दान गाजावाजा न करता द्यावे, त्याचे श्रेय माणसांकडून मागू नये. मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची कथाही याच अंगाची आहे. इथे भर देणाऱ्याच्या अंतःकरणावर आहे. घेणारा दरिद्री का झाला, ही चौकशी या प्रकारात होत नाही. दुसरी शिकवण 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात दिसते, जिथे जेरुसलेममधल्या आरंभीच्या मंडळीत कोणीही आपल्या मालमत्तेला फक्त आपली म्हणत नसे, शेते-घरे विकून आलेली रक्कम प्रेषितांच्या स्वाधीन केली जाई आणि ज्याची जशी गरज तसे वाटप होई. या दोहोंना जोडणारी व्यक्ती म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय. येशू आपल्या घरी आल्यावर तो दोन वेगळ्या गोष्टी कबूल करतो: अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याची. पहिली गोष्ट दान आहे, दुसरी परतफेड आहे, आणि दुसरी केल्यावाचून पहिली पुरी होत नाही असे त्या प्रसंगावरून दिसते.

चौथ्या शतकातल्या धर्मपित्यांनी, म्हणजे आरंभीच्या चर्चच्या अधिकारी आचार्यांनी, ही परतफेडीची बाजू फार स्पष्टपणे मांडली. कैसरियाचे बासिल आणि मिलानचे आंब्रोझ यांचे म्हणणे असे की, श्रीमंताच्या कोठारात पडून असलेले धान्य मुळात भुकेल्याचेच आहे, आणि ते देताना श्रीमंत स्वतःचे काही देत नसून दुसऱ्याचे त्याला परत करतो. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी खासगी मालकी व्यवहाराच्या सोयीसाठी मान्य केली, तरी गरजेपेक्षा अधिक असलेल्या संपत्तीवर गरिबांचा हक्क आहे आणि जीव जाण्याची वेळ आली असता दुसऱ्याचे घेणे ही चोरी ठरत नाही, असे म्हटले. याच्या उलट बाजूलाही धर्मग्रंथात बळकट आधार आहे. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने शेत विकून आलेल्या रकमेतली काही लपवून ठेवली तेव्हा पेत्र त्यांना जो दोष देतो तो खोटेपणाचा. शेत विकण्यापूर्वी ते तुझेच होते आणि विकल्यावरही रक्कम तुझ्याच ताब्यात होती, हे तो मान्य करतो. म्हणजे वाटून घेणे हा धर्म असला तरी ते स्वेच्छेने व्हावे, जबरदस्तीने नव्हे. समाजवादाशी खरा मतभेद इथे आहे आणि तो किरकोळ मानता येत नाही.

पालघरच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती दानधर्म संस्थेच्या रूपाने आला तो राज्यसत्तेच्या सोबतीने. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या अमलाखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि पुढे केळवे-माहीम, तारापूर, डहाणू अशी ठाणी मिळून त्यांचा 'उत्तर प्रांत' आकाराला आला. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संन्यासी संघांचे मठ वसईत उभे राहिले. तारापुरातही डोमिनिकनांचा मठ होता. दानाची व्यवस्था मठांइतकीच 'मिझेरिकॉर्दिया' या संस्थेकडे होती. दयेचे पवित्र गृह अशा अर्थाचे नाव असलेली ही संस्था राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ मध्ये लिस्बन येथे सुरू झाली आणि पोर्तुगीज जिथे गेले तिथे तिच्या शाखा निघाल्या; वसईतही ती होती. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा, कैद्याची सोडवणूक, मृताचे दफन अशी सात शारीरिक आणि सात आत्मिक, मिळून दयेची चौदा कृत्ये हा तिचा नियम होता. अनाथ मुलींच्या विवाहासाठी हुंड्याची रक्कम देणे आणि मृत्युपत्रांद्वारे आलेल्या देणग्यांचा कारभार पाहणे हीही तिची कामे होती. तिचे सभासद म्हणजे गावातले प्रतिष्ठित पोर्तुगीज, आणि त्यांच्यातही उमराव व कारागीर असे दोन वर्ग असत.

या संस्थेच्या रुग्णालयात बरा झालेला माणूस किंवा तिने पुरलेला बेवारस मृत यांच्या बाबतीत झालेले काम खरेच होते आणि त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पण देणाऱ्याच्या हातात पैसा कुठून येई, हे पाहिले की चित्र बदलते. उत्तर प्रांतातली गावे पोर्तुगीज राजाने उमरावांना, सरकारी नोकरीतल्या लोकांना आणि संन्यासी संघांना 'फोरो' नावाच्या ठरावीक वार्षिक सनदी भाड्यावर लावून दिली होती. गावाचा धारक बहुधा वसईच्या तटबंदीत राही, आणि भात पिकवणारा कुणबी, वाडवळ किंवा आदिवासी त्याला उत्पन्नाचा वाटा देई. 'पाद्रोआदो' या व्यवस्थेमुळे, म्हणजे पोपने पोर्तुगीज राजाला दिलेल्या धर्मसंरक्षणाच्या अधिकारामुळे, चर्चचा खर्च राजाने चालवायचा आणि दशमांशही त्यानेच वसूल करायचा असा करार होता. या रचनेत शेताच्या बांधावरून निघालेले धान्य उमरावाच्या वाड्यात जाई आणि त्याचा एक अंश दयेच्या कृत्यांच्या रूपाने परत गरिबाकडे येई. देणाऱ्याच्या मालकीला या दानाने धक्का लागत नसे. उलट त्या मालकीला धर्माचे तेज चढे. दान आणि जमीनदारी अशी सुखाने एकत्र नांदू शकतात, हे वसईच्या दोन शतकांनी दाखवून दिले, आणि दानाला समाजवादाचा पर्याय म्हणून पुढे करणाऱ्यांनी या अनुभवाचे उत्तर दिले पाहिजे.

जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर घेतले, मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसई शरण आली आणि मठांची व मिझेरिकॉर्दियाची ही व्यवस्था संपली. स्थानिक ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी वसईतच राहिले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जमाबंदीने जमिनीला विकता-गहाण टाकता येईल असे स्वरूप दिले, १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव झाले, आणि डहाणू-उंबरगाव भागात सावकार, गवताचे व्यापारी आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या हाती आदिवासींच्या जमिनी गेल्या. पेरणी झाल्यावर घरातले धान्य संपे, तेव्हा मालकाकडून 'खावटी', म्हणजे पोटापुरते उसने धान्य घ्यावे लागे आणि पीक आल्यावर ते वाढीदिढीने फेडावे लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा आणि त्याची बायको दोघेही मालकाकडे राबत; अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत, आणि कर्ज फिटले की नाही हे ठरवणारी वही मालकाच्याच पेटीत असल्यामुळे हे राबणे बहुधा जन्मभर चाले. याशिवाय वेठ, म्हणजे बिनमजुरीचे सक्तीचे काम, असे ते निराळेच. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात या परिस्थितीची नोंद आहे. खावटी देणारा मालक स्वतःला गरिबांचा पोशिंदा समजत असे, ही गोष्टही दानाच्या विचारात महत्त्वाची आहे. देणे आणि बांधून ठेवणे यांच्यातली सीमा इथे पुसली गेली होती.

दरम्यान रोममध्ये १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र, म्हणजे जगभरातल्या बिशपांना उद्देशून काढलेले अधिकृत पत्र, प्रसिद्ध केले. त्यात खासगी मालकी हा निसर्गदत्त हक्क ठरवून समाजवाद नाकारला होता, पण कामगाराला जगता येईल एवढी मजुरी मिळणे आणि त्याने संघटना करणे हे न्याय्य मानले होते. गरजेपेक्षा अधिक असलेले गरिबांना देणे हे कर्तव्य आहे. मात्र आणीबाणीचा प्रसंग वगळता ते न्यायाचे नसून प्रेमाचे कर्तव्य आहे आणि कायद्याने त्याची सक्ती करता येत नाही, असे त्या पत्राचे म्हणणे होते. अक्विनासने जो गरिबाचा हक्क म्हटला होता तो इथे पुन्हा श्रीमंताच्या सदिच्छेकडे झुकला.

वसईत या विचाराला एक वेगळीच व्यावहारिक वाट मिळाली. १९१८ मध्ये मॉन्सिनॉर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी कॅथलिक शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था सुरू केली, तीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. भारतातल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे जर्मनीतल्या फ्रीड्रिख राइफायझेन यांचा नमुना होता आणि त्यांचा अनुभव या विषयात फार बोलका आहे. राइफायझेन हे श्रद्धाळू प्रोटेस्टंट आणि गावचे प्रशासक होते. १८४७ च्या उपासमारीत त्यांनी श्रीमंतांच्या वर्गणीतून गरिबांना पाव व धान्य पुरवणारी मंडळी काढली, पण संपन्नांच्या दयेवर चालणारी संस्था दीर्घकाळ टिकत नाही हे ध्यानात आल्यावर १८६० च्या दशकात त्यांनी कर्जदारांनाच सभासद करणाऱ्या, परस्परांच्या जबाबदारीवर उभ्या असलेल्या पतसंस्था सुरू केल्या. पतसंस्थेत गरजू माणूस हात पसरणारा राहत नाही; तो भागधारक असतो, सभेत त्याला एक मत असते आणि त्याने फेडलेल्या हप्त्यातून शेजाऱ्याला कर्ज मिळते. वसईच्या बागायतदाराला सावकाराच्या दारातून बाहेर काढायला ही रीत उपयोगी पडली. मात्र भाग घ्यायला थोडी का होईना पत लागते, गहाण ठेवायला जमीन किंवा जामीन लागतो. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्या डहाणूच्या लग्नगड्यापर्यंत सहकाराची ही वाट पोचणे शक्य नव्हते, आणि धर्मगुरूंच्या या उत्तम कामाची मर्यादा नेमकी इथे होती.

त्या लग्नगड्यापर्यंत प्रथम पोचली ती किसान सभा. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दोघेही मूळचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजातले. गोदावरीबाई तर त्या संस्थेच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. म्हणजे निःस्वार्थ सेवेच्या व्रतातून बाहेर पडून त्यांनी वर्गसंघर्षाचा मार्ग धरला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले आणि २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी येथे हजारो वारल्यांच्या सभेने दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाचे काम करायचे नाही आणि वेठ बंद, असा निश्चय केला. लग्नगडी मालकांच्या घरांतून बाहेर पडले. पावसाळा संपताना ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत यासाठी संप झाला आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाचा विषय हाच लढा आहे.

कोणीही कोणाला काही न देता वारल्यांना जे मिळाले, ते शतकभराच्या दानाने मिळाले नव्हते. ही गोष्ट ख्रिस्ती विचारवंताने मोकळेपणाने मान्य करायला हवी, कारण ती त्याच्याच ग्रंथातल्या परतफेडीच्या कल्पनेला धरून आहे. प्रत्यक्षात चर्चची अधिकृत भूमिका तेव्हा उलट टोकाला होती. एकाच वेळी प्रामाणिक कॅथलिक आणि खरा समाजवादी असणे अशक्य आहे, असा निर्वाळा पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये दिला होता आणि साम्यवादाचा पुरस्कार करणाऱ्या कॅथलिकांना धर्मबहिष्कृत ठरवणारा आदेश रोमने १९४९ मध्ये काढला. त्यामागे केवळ श्रीमंतांची पाठराखण होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. रशियात आणि पूर्व युरोपात चर्चवर झालेले अत्याचार त्या आदेशांमागे होते. पण वारल्यांच्या बारा आण्यांचा त्या अत्याचारांशी काही संबंध नव्हता.

१९६० च्या दशकात वारे फिरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या जगभरातल्या बिशपांच्या सभेने, पृथ्वीवरची साधनसंपत्ती सर्वांसाठी आहे हे तत्त्व पुन्हा पुढे आणले, आणि मार्च १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी आंब्रोझ यांच्या जुन्या शिकवणीचा आधार घेऊन खासगी मालकी हा निरपवाद हक्क नाही, पडीक किंवा लोकांच्या हलाखीला कारण होणाऱ्या मोठ्या जमिनी लोकहितासाठी काढून घेता येतील, असे लिहिले. लॅटिन अमेरिकेत याच सुमारास मुक्तीचे धर्मशास्त्र, म्हणजे गरिबांच्या बाजूने उभे राहून समाजरचना बदलणे हा श्रद्धेचाच भाग मानणारा विचार, मूळ धरत होता. १९७४-७५ मध्ये येशूसंघाच्या बत्तिसाव्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना ही दोन्ही अभिन्न आहेत असा ठराव केला; पेद्रो अरुपे तेव्हा संघाचे प्रमुख होते. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या या संघाने चार शतके शाळा, महाविद्यालये आणि मिशने चालवली होती, आणि आता त्याच्या सदस्यांना स्वतःच्या कामाची फेरतपासणी करण्याचा आदेश मिळाला होता.

तलासरी हे अशा फेरतपासणीला अगदी योग्य ठिकाण होते. या लहानशा गावात आदिवासी मुलांसाठी चर्चचे वसतिगृह होते, साम्यवादी कार्यकर्त्यांनी काढलेल्या आदिवासी प्रगती मंडळाचे होते आणि विश्व हिंदू परिषदेच्या वनवासी कल्याण केंद्राचेही होते. मुलाला पाटी, जेवण आणि निवारा देण्यात तिन्ही पक्षांचे एकमत होते. मुलाच्या बापाला जंगलखात्याने ज्या तुकड्यावरून हुसकावले, त्या तुकड्याविषयी मात्र नव्हते. गावोगावच्या आदिवासींच्या बोलण्यात या तुकड्याला 'प्लॉट' म्हणतात: जंगलाच्या हद्दीत पिढ्यान्पिढ्या कसलेला, कधी एका हंगामापुरत्या 'एकसाली' पट्ट्याने मिळालेला, पण सातबाऱ्यावर कधीच न चढलेला. तलासरीच्या मिशनमध्ये काम करणारे येशूसंघीय धर्मगुरू पीटर डिमेलो, जे पुढे प्रदीप प्रभू या नावाने ओळखले गेले, आणि निकी कार्डोझ यांनी १९७८ मध्ये आदिवासी तरुणांबरोबर कष्टकरी संघटना उभी केली. किमान वेतन, रोजगार हमी योजनेची कामे, सावकाराकडे गेलेल्या जमिनी परत मिळवणे आणि जंगलातले प्लॉट नावावर होणे, या तिच्या मागण्या होत्या. धर्मगुरूंनी वाटप थांबवून मोर्चा काढला, असे या बदलाचे थोडक्यात वर्णन करता येईल, आणि परुळेकर दांपत्याने भारत सेवक समाजातून बाहेर पडताना जी वाट चालली होती तिच्याशी त्याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

या प्रयोगाला दोन्हीकडून विरोध झाला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा हा बालेकिल्ला होता. १९७७ मध्ये त्याचे लहानू कोम डहाणूतून लोकसभेवर निवडून गेले होते. पक्षाच्या कार्यकर्त्यांना संघटना ही चर्चने आपल्या मळ्यात पेरलेली फूट वाटली आणि गावपातळीवर दोघांत कडवट, प्रसंगी हिंसक संघर्ष झाले. हिंदुत्ववादी संघटनांना त्यात धर्मांतराचा डाव दिसला, तर चर्चच्या वरिष्ठांना आपले धर्मगुरू राजकारणात ओढले गेल्याची चिंता वाटली. डिमेलो आणि कार्डोझ दोघेही कालांतराने येशूसंघातून बाहेर पडले. १९८४ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी मार्क्सवादी पक्षाचे प्रकाश कारत यांनी पक्षाच्या नियतकालिकात स्वयंसेवी कृतिगट हे साम्राज्यवादी व्यूहाचे साधन असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीने मुक्तीच्या धर्मशास्त्रात शिरलेल्या मार्क्सवादी विश्लेषणाविरुद्ध इशारा दिला. एकाला त्या धर्मगुरूंसारख्यांत फार चर्च दिसत होते, दुसऱ्याला फार मार्क्स. दोन्ही संस्थांना वाटणारी भीती मात्र एकच होती: आपल्या अधिकाराबाहेर गरिबांची संघटना होऊ शकते, ही.

अशा संघटना डहाणूपुरत्या नव्हत्या. पालघर तालुक्यात मनोरच्या आसपास समाजवादी पक्षाच्या १९७० च्या जमीन सत्याग्रहातून पुढे आलेल्या काळूराम धोदडे यांनी भूमी सेना बांधली, आणि वसईत राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातल्या विवेक व विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांच्या मुक्तीसाठी १९८० च्या दशकाच्या आरंभी श्रमजीवी संघटना उभी केली. ख्रिस्ती धर्मगुरू ज्या निष्कर्षाला शुभवर्तमान वाचून पोचले, त्याच निष्कर्षाला हे लोक लोकशाही समाजवादातून पोचले होते. कार्यक्रम जवळजवळ एकच होता.

मालकी समाजाची झाली म्हणजे न्याय झाला, हा समाजवादातला सोपा समज तपासायचा तर तारापूरकडे पाहावे. देशाचे पहिले अणुऊर्जा केंद्र इथे १९६९ मध्ये सुरू झाले आणि २००५-०६ मध्ये तिसरी व चौथी अणुभट्टी कार्यान्वित झाली. या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही शेतकरी-मच्छीमारांची गावे उठवावी लागली. हे कोणा जमीनदाराने केले नव्हते. प्रकल्प सार्वजनिक मालकीचा होता, जमीन 'सार्वजनिक हेतू'साठी संपादित झाली होती, आणि तरीही समुद्र सुटलेल्या मच्छीमाराच्या वाट्याला मोबदल्याचा तंटा आणि पुनर्वसनाची वसाहत आली. शेजारच्या बोईसरला औद्योगिक महामंडळाच्या वसाहतीत देशभरातून कामगार आले, त्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपापली चर्चे व प्रार्थनामंडळे उभी केली, पण कंत्राटी मजुराचा प्रश्न या मंडळांच्या दानपेटीने सुटण्यासारखा नाही आणि केवळ सरकारी मालकीनेही नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी शासनाच्या सर्वंकष मालकीविषयी जी शंका घेतली होती, तिला तारापुरात आधार सापडतो. गावाला विचारल्याशिवाय गावाचे घेणारा हात राजाचा, सावकाराचा की लोकनियुक्त सरकारचा, याने उठवल्या गेलेल्या माणसाला फारसा फरक पडत नाही.

कष्टकरी संघटनेची पुढची वाटचाल म्हणूनच महत्त्वाची आहे. प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये महाराष्ट्रातल्या आदिवासींच्या वनजमिनीवरच्या दाव्यांची नव्याने चौकशी करण्याचा मार्ग मोकळा केला. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्यासाठी आणि २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी झालेल्या देशव्यापी प्रयत्नांतही ते होते. वनहक्क कायद्याची प्रस्तावना आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे कबूल करते, आणि त्यामुळे तो जमीन वाटत नाही; १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून असलेला हक्क मान्य करतो. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेची वनहक्क समिती करते: समितीचे लोक प्लॉटवर जातात, बांध, जुनी झाडे आणि शेजाऱ्यांच्या हद्दी पाहतात, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतात आणि मग सभा ठराव करते. जक्कयच्या दोन वचनांपैकी दुसरे इथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे. फरक एवढाच की जक्कय आपण होऊन उठला होता आणि इथे शासनाला उठवावे लागले. दान सक्तीने होत नाही, हा ख्रिस्ती आक्षेप खरा आहे. परतफेडीला मात्र तो लागू पडत नाही, कारण लुबाडलेले परत करायला मालकाची मर्जी लागते असे पेत्रानेही कुठे म्हटलेले नाही. ख्रिस्ती दान आणि समाजवाद यांच्यातला बराचसा विरोध, ज्याला परतफेड म्हणायला हवे त्याला दान म्हटल्यामुळे निर्माण झालेला आहे.

या कायद्याने मिळणारा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तो वारसांकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तेराव्या लिओंना अभिप्रेत असलेली खासगी मालकी ही नव्हे आणि जमिनीचे राष्ट्रीयीकरणही नव्हे. याचा सर्वांत जवळचा पूर्वज जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथात सापडतो, जिथे जमीन देवाची असल्यामुळे ती कायमची विकता येत नाही आणि पन्नासाव्या वर्षी, योबेल सणाच्या वर्षी, ती मूळ कुटुंबाकडे परत गेली पाहिजे असा नियम आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हापासून वसईच्या बागायती आणि तलासरीचे वारली पाडे एकाच बिशपच्या अधिकारक्षेत्रात आहेत. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र अशी कोणतीही अट नाही, आणि गेल्या चाळीस वर्षांत तिथल्या केळीच्या व फुलांच्या वाड्या तुकड्यातुकड्याने इमारतींखाली गेल्या आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूंनी हरित वसईच्या आंदोलनातून त्याविरुद्ध उभे राहूनही विक्री थांबली नाही. लेवीय ग्रंथ ज्या वसईकरांच्या चर्चमध्ये वाचला जातो त्यांच्या जमिनीला त्याचा नियम लागू नाही, आणि डहाणूच्या ज्या वारल्याने तो ग्रंथ पाहिलेलाही नाही त्याच्या प्लॉटला तो जवळजवळ जसाच्या तसा लागू आहे.